अक्काची खुर्ची

आमच्या दवाखान्यात दोन खुर्च्या आहेत. एक नेहमीची, पायाने बटण दाबलं की वर-खाली होणारी, डोक्यावर मोठा दिवा असलेली. दुसरी खिडकीपाशी ठेवलेली, बुटकी, निळ्या प्लास्टिकची, खाली सोलापूरच्या नवी पेठेतूनच आणलेली. पहिल्या खुर्चीपाशी मी काम करते. दुसरीवर अक्का मुलांना बसवते आणि स्वतः समोर फरशीवर मांडी घालते. मूल वर, अक्का खाली. आज मला कुणी विचारलं की मुलांचे दात खरे कुठल्या खुर्चीवर वाचतात, तर माझं बोट खिडकीकडे जाईल.

हे कबूल करायला मला काही वर्षं लागली. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. आधी पाच वर्षं, मग विशेष शिक्षणाची आणखी तीन. एवढं शिकून जे काम हातात आलं, त्यातला एक तुकडासुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायला मन तयार होत नव्हतं. ते कसं तयार झालं, त्याचे हे किस्से.

अक्का म्हणजे आमची सहायक. सोलापुरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणणारी घरं तेलुगू आहेत, कानडी आहेत आणि मराठीही आहेत. त्यामुळे पोरं, त्यांच्या आया, आज्या आणि मी, सगळे तिला याच नावाने हाक मारतो.

फाटकापाशी पडलेल्या चिठ्ठ्या

दवाखाना सुरू करून दोनेक वर्षं झाली होती. एका शाळेत दंततपासणीचं शिबिर ठरलं. मी आणि एक मित्र, असे दोन डॉक्टर, आणि सामानाची पिशवी सांभाळायला अक्का. तेव्हा ती फक्त नावं लिहायची, हत्यारं धुवायची, फोन घ्यायची. सकाळच्या सत्रात सगळी प्राथमिक शाळा तपासायची होती. रांग पटांगणापर्यंत गेलेली. मूल पुढे यायचं, आ करायचं, आम्ही टॉर्च मारायचो, आरशाने गाल बाजूला करायचो आणि म्हणायचो, ‘कीड आहे’ किंवा ‘कीड नाही’. अक्का चिठ्ठी भरायची. एका मुलाला एक मिनिटही मिळत नव्हतं.

दुपारी शाळा सुटली. सामान आवरून आम्ही फाटकाबाहेर आलो तर अक्का मागेच राहिली होती. वेफर्सच्या रिकाम्या पुड्यांच्या बाजूला आमच्या चिठ्ठ्या पडल्या होत्या. काही चुरगळलेल्या, काहींची विमानं झालेली. तिने त्या एकेक करून उचलल्या, ओढणीत घेतल्या आणि दवाखान्यात आल्यावर माझ्या टेबलावर ठेवल्या.

“मॅडम, आपण काय बघितलं ते यातल्या एकाही पोराला कळलं नाही.”

ती तक्रार करत नव्हती. तिला वाईट वाटलं होतं, एवढंच. पण मला रात्री झोप लागेना. त्या शाळेतली दोन मुलं पुढच्या दोन महिन्यांत माझ्याकडे आली खरी. दोन्ही वेळा गाल सुजल्यावर, रात्रभर रडून झाल्यावर. बाकीच्यांचं काय झालं कोण जाणे.

मी हिशेब मांडला. दात किडू नये म्हणून काय काय करायला लागतं? घासायला शिकवायचं, आणि ते एकदा नाही, परत परत. मूल दिवसभरात काय खातं, कधी खातं ते विचारायचं. वर्षातून दोनदा फ्लोराइडचं वार्निश लावायचं. सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ ओळखायची आणि तिच्या खाचा बुजवायच्या. यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं काम करायला आठ वर्षांचं शिक्षण लागत नाही. लागते ती सवड, आणि तीच माझ्याकडे नव्हती. माझी सगळी दुपार किडलेले दात कोरण्यात आणि मुळांची ट्रीटमेंट करण्यात जायची. आग लागल्यावर पाणी मारायचं काम मी करत होते, आणि काडी कुणी ओढू नये म्हणून सांगायला माणूसच नव्हतं.

हाच प्रश्न आधी विचारलेली माणसं

मग मी वाचायला लागले. हा प्रश्न माझ्याआधी शंभर वर्षांपूर्वी एका दंतवैद्याला पडला होता. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं गाव. तिथले डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 साली आपल्याच दवाखान्यातल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचं आणि लोकांना शिकवण्याचं काम शिकवलं. 1913 साली त्यांनी अशा बायकांना शिकवायला वर्गच काढला. शिकून बाहेर पडलेल्या बायका गावातल्या शाळांमध्ये गेल्या आणि मुलांचे दात सांभाळू लागल्या.

न्यूझीलंडमध्ये तर आणखी मोठं पाऊल उचललं गेलं. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या तरुणांच्या दातांची दशा बघून तिथले लष्करी दंतवैद्य थॉमस हंटर यांनी ठरवलं की हे शाळेतच थांबवायला हवं. 1921 मध्ये वेलिंग्टनला ‘शालेय दंतपरिचारिकां’चं प्रशिक्षण सुरू झालं. या परिचारिका शाळेच्या आवारातल्या छोट्या दवाखान्यात बसायच्या, मुलांचे दात भरायच्या, काढायच्यासुद्धा. दंतवैद्यांचा विरोध होता. पण ती पद्धत टिकली आणि जगातल्या इतर देशांनी उचलली. एक गोष्ट मात्र मला टोचली. तिथली पोरं त्या शाळेतल्या दवाखान्याला ‘मर्डर हाउस’ म्हणायची. मशिनच्या घरघरीची भीती पिढ्यानपिढ्या मनात बसली होती. मी तेव्हाच ठरवलं, की माझ्या दवाखान्यात जे काम सोपवायचं त्यात दुखणारं काही असणार नाही.

स्कॉटलंडच्या ‘चाइल्डस्माइल’ योजनेत ते तसंच आहे. तिथे बालवाडीत रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली ब्रश होतो, आणि ज्या भागात गरज जास्त तिथे प्रशिक्षित दंतपरिचारिका वर्षातून दोनदा बालवाडीत, शाळेत जाऊन मुलांच्या दातांना वार्निश लावतात.

एवढं लांब कशाला जायचं? करमाळ्याच्या पुढे गेलं की जामखेड. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या कामातून खेड्यातल्या, कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बाईला नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलासुद्धा. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले होते. पुढे देशभरातल्या आशाताईंना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं गेलं ते याच वाटेने.

दातांचंही आपल्याकडे अर्धं पाऊल पडलेलं आहे. 6 फेब्रुवारी 2013 ला पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तीस आजारांची, दोषांची तपासणी त्यात होते आणि त्या यादीत किडलेले दात आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथक जातं. त्यात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. दंतवैद्य त्यात नसतो. म्हणजे मुलाचा दात किडलाय हे ओळखण्याचं काम आपण दंतवैद्याच्या बाहेर सोपवलेलं आहेच. तो किडू नये म्हणून करायचं काम मात्र अजून कुणाच्याच हातात नीट दिलेलं नाही.

गडचिरोलीतली आई आपल्या दोन दिवसांच्या बाळाचा जीव शेजारच्या बाईच्या हातात विश्वासाने देऊ शकते, तर मी एक ब्रश द्यायला का घाबरते? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. दुसऱ्या दिवशी अक्काला म्हटलं, “शिकणार का?” ती म्हणाली, “शिकवा की.”

पहिले दात माझे

शिकवणं सहा महिने चाललं. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो. नवी पेठेत त्या वेळी जरा शांतता असते. दुकानांपुढे सावली धरलेली असते, गाड्यांची गर्दी कमी होते. आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो.

आधी स्वच्छता. हात कसे धुवायचे, हातमोजे कधी बदलायचे, हत्यारं निर्जंतुक करायला 121 अंशाला किती मिनिटं ठेवायची, त्यांच्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला नाही तर ते पाकीट का वापरायचं नाही. मग दात. दुधाचे वीस, पक्के बत्तीस, कुठला कधी येतो, कुठला कधी पडतो. तिने हे वहीत लिहिलं नाही. आपल्या दोन मुलांची तोंडं रोज रात्री बघून पाठ केलं.

मग वार्निश. हा पिवळसर, चिकट पदार्थ असतो. त्यात पाच टक्के सोडियम फ्लोराइड असतं. दात कापसाने पुसून कोरडा करायचा, बारीक ब्रशने पातळ थर द्यायचा, आणि बस. लाळ लागली की तो तिथेच घट्ट होतो. पुढचे काही तास फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागात मुरत राहतं. फक्त दुधाचे दात असलेल्या मुलाला पाव मिलिलिटर पुरतं. सहा-सात वर्षांच्या, दुधाचे आणि पक्के दोन्ही दात असलेल्या मुलाला 0.4 मिलिलिटर. त्याहून जास्त नाही. ही दोन मापं मी अक्काकडून इतक्या वेळा म्हणून घेतली की एकदा फोनवर कुणालातरी दवाखान्याची वेळ सांगताना ती “पाव मिलिलिटर” म्हणाली.

आणि याचा उपयोग किती? जगभरातल्या चाचण्या एकत्र करून काढलेला ‘कोक्रेन’चा 2013 चा आढावा सांगतो, की नियमित वार्निशने पक्क्या दातांच्या पृष्ठभागांवरची कीड सरासरी 43 टक्के आणि दुधाच्या दातांची 37 टक्के कमी होते. मी आयुष्यात जेवढे दात भरेन, त्याने किडीचं प्रमाण इतकं कधीच खाली येणार नाही.

तिने पहिलं वार्निश लावलं ते माझ्या दातांना. मी मोठ्या खुर्चीत आडवी, आणि ती माझ्या जागी. तिचा हात थरथरत होता. मला आठवतं ते वेगळंच. वर दिवा थेट डोळ्यांत येत होता. इतकी वर्षं मी मुलांना त्या दिव्याखाली आडवं करत होते आणि तो डोळ्यांत किती खुपतो हे मला माहीतच नव्हतं. उठल्यावर मी म्हटलं, “अक्का, पोरांना इथे नको घ्यायला.” त्याच संध्याकाळी ती खाली जाऊन निळी खुर्ची घेऊन आली.

पिवळे दात

एक चूकही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत एक आई तासाभराने धापा टाकत जिना चढून परत आली. हातात दोन पिशव्या, बोटाला मुलगी. “ओ मॅडम, पांढरे दात घेऊन आले होते. पिवळे करून दिलेत की!” बाहेर बसलेल्या चार बायकांनी माना वर केल्या.

वार्निश लावल्यावर दात एक दिवस पिवळट दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश केला की जातं. हे आम्हा दोघींना इतकं माहीत होतं की त्या आईला सांगायचं राहून गेलं. अक्काचा चेहरा उतरला. मी पुढे झाले, चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. कारण शिकवताना ‘आधी काय सांगायचं’ हा भाग मी शिकवलाच नव्हता. काम सोपवलं म्हणजे जबाबदारी सोपवली असं होत नाही. हात तिचे असतील, उत्तर मलाच द्यायचं असतं.

त्या दिवसापासून कार्ड आलं. प्रत्येक मुलाचं एक. त्यावर आधी मी तपासून लिहिते, काय लावायचं, किती लावायचं, आणि सही करते. माझी सही नसेल तर अक्का ब्रश उचलत नाही. काम झालं की ती खाली सही करते. मागच्या बाजूला मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दूत चार ओळी छापल्या आहेत. आज दात पिवळे दिसतील. आज कडक आणि फार गरम खाऊ नका. आज रात्री ब्रश नको, उद्या सकाळी करा. काही वाटलं तर फोन करा. ती आई आता आपल्या जावेच्या पोरांनाही घेऊन येते.

“दुधाचाच हाय की”

सहा वर्षं पूर्ण होता होता मुलाच्या तोंडात सगळ्यात मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही. त्या गुपचूप मागे येऊन बसतात. म्हणून बहुतेक घरांत त्या दुधाच्याच समजल्या जातात. आणि पक्क्या दातांत याच पहिल्या किडतात, कारण त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही.

एक आजी नातवाला घेऊन आली होती. खालच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधणं चालू होतं, तेवढ्यात पोराला वर आणलेलं. मी दाढ दाखवली, म्हटलं हिच्या खाचा बुजवून घेऊ. आजी म्हणाली, “दुधाचाच हाय की. पडतंय आपोआप. कशाला खर्च?” मी समजावलं. पक्की दाढ, खाचा, सीलंट. आजीने मान हलवली आणि पदर सावरत उठली.

अक्काने त्यांना खिडकीपाशी नेलं. पोराच्या हातात आरसा दिला. दुसरा छोटा आरसा तोंडात धरला. “मोज रे.” पोराने पुढून मोजत मागे जायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. “हे पाच दुधाचे. आता याच्या मागं बघ.” सहावी. “ही आत्ता आली. ही पडली तर परत येत नाही. आजी, तुमच्या तोंडात ही आहे का बघू.” आजीने जिभेने चाचपलं. तिथे खड्डा होता. आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “माझी लगीन व्हायच्या आधीच गेली.”

अक्का काहीच बोलली नाही. आजी परत मोठ्या खुर्चीपाशी आली आणि नातवाला म्हणाली, “चढ रे वर.” सीलंट मी लावलं. अक्काने कापूस धरून दाढ कोरडी ठेवली, कारण लाळेचा एक थेंब गेला तरी ते टिकत नाही. पोराने डोळे मिटले नाहीत. तो आरशात बघत होता.

मिश्री

सोलापूर म्हटलं की चादरी आठवतात. पण या शहरात हजारो बायका बिड्या वळतात. अक्काची आईही वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि बोटं चालू. अक्का त्या सुपाशेजारी वाढली.

एका सात वर्षांच्या मुलीच्या हिरड्यांच्या कडेला काळसर रेघ दिसत होती. मी आईला विचारलं, “ही तंबाखू वगैरे लावते का?” आई म्हणाली, “नाही ओ, लहान आहे की.” मी कार्डावर तसं लिहिलं. माझ्या दृष्टीने तो विषय संपला.

खिडकीपाशी अक्काने मुलीलाच विचारलं, तेही तेलुगूत, की सकाळी उठल्यावर आजीबरोबर काय काय करतेस. मुलगी आनंदाने सांगायला लागली. आजी चूल पेटवते, मग डबी काढते, मग दोघी मिळून दात घासतात. डबीत मिश्री. भाजलेला तंबाखू. आई खोटं बोलली नव्हती. त्यांच्या घरात मिश्रीला कुणी तंबाखू म्हणतच नाही. ते दात घासायचं असतं.

मी ‘तंबाखू’ विचारलं म्हणून उत्तर ‘नाही’ आलं. अक्काने ‘सकाळ’ विचारली म्हणून सगळी सकाळ समोर आली. हे कुठल्याही अभ्यासक्रमात मला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकवून येणारही नाही. त्यासाठी सुपाशेजारी बसलेलं असावं लागतं.

पुढच्या रविवारी अक्का त्यांच्या घरी गेली. आजीला उपदेश केला नाही. “मावशी, माझी आई पण लावायची,” एवढ्यावर सुरुवात केली. आजीची सवय काही सुटली नाही. पण मुलीचा ब्रश वेगळा झाला आणि पेस्ट आली. किती घ्यायची तेही अक्काने दाखवलं, वाटाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या धाकट्याला तांदळाच्या दाण्याएवढी. घासून झालं की थुंकायचं, भरभरून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. सहा महिन्यांनी मुलगी परत आली तेव्हा ती रेघ नव्हती.

“मॅडम, आज नको”

शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीवर घालवला. कुठे थांबायचं. तोंड आलेलं असेल, हिरड्यांना जखमा असतील तर वार्निश लावायचं नाही. दम्यासाठी कधी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असेल तर आधी मला सांगायचं. चिकटपट्टीने अंगावर पुरळ येत असेल तरी सांगायचं, कारण वार्निशमध्येही राळ असते. दात हलतोय, गाल सुजलाय, पोर रात्री उठून रडतंय, असं काही ऐकलं तर आपण मत द्यायचं नाही.

पण ‘थांबणं’ मला तिने शिकवलं. पाच वर्षांचा एक मुलगा आला होता. आई यंत्रमागाच्या कारखान्यात पाळीवर जाणारी. तान्हेपणी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच तो झोपायचा. वरचे पुढचे चारही दात तपकिरी झालेले. खालचे मात्र चांगले, कारण बाटली ओढताना जीभ त्यांच्यावर येते. आधी कुठेतरी त्याला हातपाय धरून दात काढायला आडवं केलं होतं. माझ्या खोलीच्या दारातच त्याने चौकट धरून ठेवली.

आईला पाळीवर जायचं होतं. बाहेर सहा जण बसले होते. मी म्हटलं, “धरा जरा, दोन मिनिटांचं काम आहे.” अक्का दारात उभी राहिली.

“मॅडम, आज नको.”

पेशंटसमोर सहायकाने डॉक्टरला असं म्हणायचं नसतं. मला राग आला. पण तिने मुलाकडे बघितलं तसं मीही बघितलं. त्याची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. मी हातमोजे काढले.

त्या दिवशी त्याच्या तोंडात काहीच गेलं नाही. तो निळ्या खुर्चीवर बसला आणि त्याने अक्काचे दात मोजले. दुसऱ्या वेळी त्याने एका बाहुलीचे दात घासले. तिसऱ्या वेळी रंगाची गोळी चावली. तिने दातावरचा चिकट थर लालभडक दिसतो. अक्का त्याला रंगपंचमी म्हणते. तो रंग जाईपर्यंत त्याने स्वतःच घासलं. चौथ्या वेळी अक्काने वार्निश लावलं. पाचव्या वेळी तो माझ्या खुर्चीवर स्वतः चढला आणि म्हणाला, “दिवा नको लावू हं.” मी कपाळावरच्या लहान दिव्याने काम केलं.

चार भेटी. त्यांत मी एकदाही त्याला हात लावला नव्हता. पाचवीतलं माझं अर्ध्या तासाचं काम त्या चार भेटींमुळे झालं.

कायद्यात काय आहे आणि काय नाही

माझे काही सहकारी मला विचारतात, हे कायद्यात बसतं का? प्रश्न योग्य आहे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने ‘डेंटल हायजिनिस्ट’ची व्याख्या केली. दात साफ करणं, चकचकीत करणं आणि स्वच्छतेचं शिक्षण देणं हे तिचं काम. त्यासाठी शिक्षण आणि नोंदणी लागते. म्हणून अक्का दातावरचा दगड काढत नाही. रोग ओळखत नाही, इंजेक्शन देत नाही, मशिन हातात घेत नाही. तिला जे सोपवलंय ते माझ्या समोर, माझ्या लेखी सूचनेवर होतं. 2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा झाला. माझी मनापासून इच्छा आहे की अक्कासारख्या बायकांसाठी सरकारने छोटा, परवडणारा, मराठीतून शिकवला जाणारा अभ्यासक्रम काढावा, तिला प्रमाणपत्र द्यावं, आणि बाल स्वास्थ्याच्या प्रत्येक पथकात अशी एक बाई असावी. कार्डाबरोबर वार्निशही शाळेत पोचावं. पथक चिठ्ठी देऊन निघून गेलं, की ती चिठ्ठी फाटकापाशी पडते. मी पाहिलेलं आहे.

आणखी एक. सोपवायचं म्हणजे स्वस्तात उरकायचं नव्हे. शिकून झाल्यावर मी अक्काचा पगार वाढवला. कार्डावर तिची सही माझ्या सहीखाली, तेवढ्याच आकाराच्या जागेत असते. चौकट धरून उभ्या असलेल्या मुलाला पाच भेटी द्यायच्या तर त्या वेळेचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत.

मागची नवी दाढ

गेल्या जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली होती. सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघाले की सगळं शहर रस्त्यावर येतं. मुलांच्या हातात गोडी शेव, खिशात तिळगूळ. त्या दिवसांत अक्का कुणाला ‘खाऊ नका’ म्हणत नाही. ‘जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळू नका’ एवढंच म्हणते, कारण दाताला साखर किती यापेक्षा ती किती वेळा येते याने जास्त फरक पडतो.

संध्याकाळी एक मुलगा जिना चढून एकटाच आला. अंगाने उंच झालेला, ओठांवर अजून काही फुटलेलं नाही. मी ओळखलं नाही. तो चौकटीपाशी थांबला आणि तेव्हा ओळखलं. बारा वर्षांचा झाला होता. आई खाली साडीच्या दुकानात होती. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ खिडकीपाशी गेला. निळ्या खुर्चीत तो आता मावत नव्हता, म्हणून तोच फरशीवर बसला.

“अक्का, सगळ्यात मागं नवीन दाढ आलीय. बघा की.”

बाराव्या वर्षी दुसऱ्या पक्क्या दाढा येतात. तेही मागेच, तेही गुपचूप. त्या आल्याचं अजून त्याच्या आईला माहीत नव्हतं. मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. रात्री ब्रश करताना त्याला ती जिभेला लागली होती.

अक्काने आरसा घेतला, बघितलं, आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “मॅडम, आधी तुम्ही बघा.”

मी बघितलं. खालची उजवी, अर्धी वर आलेली, स्वच्छ. मी कार्डावर लिहिलं, सही केली. रोज रात्री त्याच्या घरच्या मोरीपाशी उभी राहायला मी कधीच जाणार नव्हते. ते काम मी अक्काला दिलं, अक्काने त्याला दिलं, आणि ते आता त्याच्याकडे होतं. तो मोठ्या खुर्चीवर चढला आणि मी काही म्हणायच्या आत त्याने हात वर करून दिवा स्वतःच बाजूला केला.